घरजावयाचं पहिलं घमेलं

निकेतच्या टेंपोची मागची फळी वाचून जुईपाड्यातली शाळकरी पोरंसुद्धा खिदळायची. लोक टेंपोवर आईचा आशीर्वाद लिहितात, कुलदैवत लिहितात, मुलाबाळांची नावं लिहितात. निकेतने पेणच्या पेंटरकडून लाल अक्षरांत, पिवळी किनार देऊन, एकच शब्द लिहून घेतला होता: घरजावई.

पेंटर ब्रश हवेत धरून म्हणाला होता, "दादा, एकदा विचार करा. उद्या पुसायला आलात तर डबल काम आहे."

"पुसायला कोण येतंय? अक्षर मोठं काढ. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

कारण साधं होतं. नाहीतरी लोक पाठीमागे हेच बोलत होते. पाठीवर लिहूनच टाकलं की त्यांचे तेवढे कष्ट कमी.

निकेत मूळचा माणगावच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. खाडीकाठच्या जुईपाड्यात तो लग्न करून आला, पण नवरी न्यायला नव्हे, स्वतःच राहायला. त्याची पेटी, त्याची गादी, त्याचा टेंपो, सगळं सासऱ्याच्या दारात उतरलं तेव्हा भावकीतले धर्मानाना कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं येसाजी, पाठवनी पोरीची करतात. ही तर पोराची पाठवनी झाली रं!"

येसाजी, म्हणजे निकेतचा सासरा. त्याने तोंडातलं पान डाव्या गालातून उजव्या गालात सरकवलं. "तर काय झालं? मना पोर एकच हाय. ती गेली तर तळ्याकडं कोन बघंल?"

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या ह्या खाऱ्या पट्ट्यात, घराला अंगण असतं तसं तळं असतं. घरामागे चारी बाजूंनी मातीचा बांध, आत पावसाचं गोडं पाणी आणि त्या पाण्यात जिताडा. खाडीतलं बोटाएवढं पिल्लू आणून तळ्यात सोडायचं आणि ते वाढायची वाट बघायची. जिताडा बारीक मासा खातो, बारीक मासा शेवाळावर पोसतो. म्हणून तळ्यावर शेवाळाची हिरवी शाल पसरली की घरधनी खूश.

आणि हे उलटं लग्न जमलं तेही शेवाळामुळेच. ही गोष्ट निकेत कुणालाही, कुठेही, न विचारता सांगायचा. टोलनाक्यावर सांगायचा, पंक्चर काढणाऱ्याला सांगायचा, एकदा तर मयताला गेला तिथेही सांगत बसला होता.

क्रांती, येसाजीची मुलगी, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तेव्हा नवीनच लागली होती. कॉलेजने मागवलेल्या सूक्ष्मदर्शकांची खोकी घेऊन निकेत गेला, तर बाई प्रयोगशाळेत नळीला डोळा लावून बसलेल्या.

"मॅडम, सही."

"थांबा जरा."

"एवढं काय बघताय?"

"लग्न," क्रांती म्हणाली आणि बाजूला सरकली.

निकेतने डोळा लावला. दोन हिरवे धागे शेजारी-शेजारी पडलेले. धाग्याच्या आत एका रांगेत खोल्या, चाळीसारख्या. समोरासमोरच्या खोल्यांतून एकमेकींकडे बारीक बोगदे फुटलेले, त्यामुळे सगळं मिळून शिडीसारखं दिसत होतं.

"आमच्या तळ्यातलं शेवाळ आहे," क्रांती वर्गातल्या आवाजात सांगू लागली. "पाणी भरपूर असतं तोवर ह्याला लग्नबिग्न सुचत नाही. तुकडा पडला की त्या तुकड्याचाच नवा धागा. पण ऊन तापलं, पाणी आटायची चिन्हं दिसली, की दोन धागे शेजारी येतात. मध्ये बोगदा होतो. मग एका धाग्याच्या खोलीतलं सगळं बिऱ्हाड उठून पलीकडच्या खोलीत जातं. दोघांचं एक होतं, भोवती जाड कवच धरतं. तो बीजाणू. पुस्तकात युग्मबीजाणू म्हणतात. धागे पिवळे पडून कुजतात, बीजाणू तळाच्या चिखलात जाऊन बसतो. तळं सुकून भेगा पडल्या तरी आत जिवंत. पाणी आलं की त्यातून पुन्हा हिरवा धागा."

"आणि ज्याची खोली रिकामी झाली, तो?"

"तो नर. म्हणजे आपण तसं म्हणतो. आधी दोन्ही धागे अगदी सारखे असतात, मलाही ओळखू येणार नाहीत. कोण उठून गेला त्यावरून मागाहून नाव पडतं."

वर्गात हाच धडा चालू असला आणि 'लैंगिक' शब्द आला की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ यायची. क्रांती खडू खाली न ठेवता म्हणायची, "ज्यांना खोकला झालाय त्यांनी पाणी पिऊन या. शेवाळ काही तुमच्यासाठी थांबत नाही." निकेत मात्र खोकला नाही. तो पुढच्या आठवड्यात काही खोकी नसताना पुन्हा गेला.

लग्नाचं ठरलं तेव्हा राहायचं कुठे, हा प्रश्न आला. निकेत म्हणाला, "अर्ध्या वाटेवर राहू. पनवेलला खोली घेऊ."

"ती पावाची बुरशी," क्रांती म्हणाली.

"काय?"

"डब्यात पाव विसरला की काळी बुरशी धरते ना? तिचे दोन तंतू असे अर्ध्या वाटेत भेटतात. टोकाला टोक लावतात आणि तिथेच बीजाणू धरतात. चांगलं आहे की. पण बाबांचं तळं पनवेलला कसं नेणार?"

निकेतने मान खाजवली. "मग आपण शेवाळ होऊ. मी येतो."

आला. आणि आल्या दिवसापासून एकच गोष्ट त्याच्या घशात अडकत राहिली. ती म्हणजे जिताड्याचं डोकं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी तळ्याचा उपसा व्हायचा. पाणी काढायचं, मासा धरायचा, तळचा चिखल उचलून बांधावर चढवायचा. भावकी मदतीला यायची, ज्याच्या पायाला चिखल त्याला माशाचा वाटा. पहिलं घमेलं घरधन्याचं. येसाजी ते स्वतःच्या डोक्यावरून न्यायचा, बांधावर करंजाच्या झाडाखाली ओतायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. दुपारी जेवणं. मोठ्या जिताड्याचं डोकं पाहुण्याच्या ताटात, शेपटी घरच्यांच्या. आणि दर वर्षी सासूबाई, आवडाबाई, टोप घेऊन थेट निकेतसमोर यायच्या. "घ्या. जावयाचा मान हाय." घरात राहून, बांध सारवून, तळ्याचं गवत कापूनही ताटात डोकंच. निकेतला त्या डोक्यातल्या डोळ्यांची ओळख झाली होती. ते म्हणायचे, काय पाव्हनं, कधी निघनार?

मग एका हिवाळ्यात येसाजी गेला.

कागदावर तळं आवडाबाई आणि क्रांतीच्या नावावर लागलं. पण खारेपाटात कागद कपाटात राहतो आणि हक्क चिखलात. ज्याच्या हातचं पहिलं घमेलं बांधावर, त्याचं तळं, असं गाव मानतं. आणि गावाने मानलं नाही तर बांधाला हात कोण लावणार? एकट्याने बांध होत नाही. पावसाळ्यातल्या उधाणाआधी बांध झाला नाही तर खाडीचं खारं पाणी आत येतं आणि तळं संपतं.

हे सगळं गणराजला चांगलं ठाऊक होतं. गणराज येसाजीच्या भावाचा मुलगा, क्रांतीचा चुलतभाऊ. प्लॉटिंगच्या धंद्यात पडल्यापासून त्याची मराठी पनवेलच्या पुलावरून पलीकडे गेली होती ती परत आलीच नव्हती. काळा चष्मा कपाळावर, हात वाऱ्यावर. "भाई, सीधी बात. नवीन रोड आलाय. तळं काय देतं? दोन मासे नि मच्छर. भराव टाकला की रोड-टच प्लॉट. काकीला पण आराम. प्रॅक्टिकल व्हा ना यार."

"तळं विकायचं न्हाय," आवडाबाई म्हणाली.

"काकी, मी विक म्हणतोय का? आपल्या घराण्याचं आहे, आपल्या घराण्यात राहू दे. पहिलं घमेलं मी काढतो. घरजावयाच्या हातचा चिखल बांधावर पडला तर बांध फुटतो, जुनी माणसं सांगून गेलीत."

ही जुनी माणसं कोण, कुणालाच आठवेना. पण धर्मानाना म्हणाले, "आसंल बाबा, जुनं आसंल," आणि आठवड्याभरात ती समजूत शेकडो वर्षांची झाली. किराणा दुकानात बायका ती एकमेकींना अशी सांगू लागल्या, जणू काही आजेसासूने कानात सांगून ठेवली होती.

त्यातच चैत्रात तळ्यावरची हिरवी शाल पिवळी पडली. मग तपकिरी. मग चिंध्या होऊन बुडू लागली.

"बघा," गणराज समाजमंदिराच्या ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काका गेले, तळं पण गेलं. डेड."

निकेत टेंपोतून उतरला. "मेलं नाही. लग्न लागलंय त्याचं."

ओटा हसून लोळला. निकेतने तिथेच, माणसांमध्ये उभं राहून, सगळं सांगितलं. धागे, बोगदा, बिऱ्हाड, कवच, चिखल. गणराजने चष्मा नाकावर घेतला, कंबरेवर हात ठेवले आणि हुबेहूब निकेतच्या आवाजात म्हणाला, "मी उठतो नि पलीकडच्या खोलीत जातो, कारण माझ्या खोलीला पत्रेच नाहीत!"

आता हसण्याला आवरच राहिला नाही. निकेतचे कान तापले. आणि कान तापले की त्याची जीभ गिअरमध्ये पडायची.

"बाबांनी गेल्या वर्षी ओतलेलं पहिलं घमेलं अजून करंजाखाली आहे. अर्धं पावसाने नेलं, अर्ध्याचा उन्हाने दगड झालाय. तो दगड पाण्यात घालतो. उपशाच्या दिवसापर्यंत हिरवा झाला तर पहिलं घमेलं माझं."

"आणि नाही झाला तर माझं. भरावाला मग कुणी आडवं यायचं नाही. पण तळ्याचं पाणी नको, त्यात आधीच शेवाळ असतं. टँकरचं पाणी घे, सगळ्यांसमोर."

"घेतो!"

टँकर आलेलाच होता. निकेतने नळाला टब लावला, वाळलेला चिखल फोडून आत टाकला, टब पडवीच्या कडेला उन्हात ठेवला आणि विजयी वीरासारखा घरात आला.

क्रांती वह्या तपासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं. हे वाईट लक्षण होतं.

"पैज लावायला तुला कुणी सांगितलं? बीजाणू काय तुझा नोकर आहे? तो त्याच्या सवडीने उठतो."

"बोलून बसलो."

"आणि पाणी टँकरचं?"

"व्हय."

"निकेत, त्यात जंतू मारायची पावडर असते! रोज पितोस, रोज नाक मुरडतोस, आणि नेमकं आज विसरलास? आधी उघडं ठेवून वास घालवायचा, मग माती घालायची. मला विचारायचंस तरी."

निकेत खाली बसला. उन्हाळ्यात अख्खं जुईपाडं त्या पाण्याच्या वासाला शिव्या देतं, आणि त्याच पाण्यात त्याने सासऱ्याचा चिखल बुडवला होता.

"बदल मग पाणी," क्रांती म्हणाली.

"नाही. सगळ्यांनी बघितलंय. बदललं तर घरजावयाने चोरी केली म्हणतील. आपला बीजाणू दुष्काळाला भीत नाही, तो पावडरला काय भिणार?"

"भितो," क्रांती म्हणाली आणि पुन्हा वह्यांकडे वळली. पण रात्री झोपताना म्हणाली, "मेलेला नसेल. दबलेला असेल."

त्यानंतर टबाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. "काय जावयबापू, बारसं कधी?" "पाळणा बांधलाय का?" निकेत टेंपोच्या खिडकीतून ओरडायचा, "आमंत्रण देईन! आहेर घेऊन या!" आणि रोज सकाळी वाकून बघायचा. पाणी चहासारखं तपकिरी. हिरव्याचं नावसुद्धा नाही.

उपशाचा दिवस उजाडला. पंपाने पाणी काढलेलं, तळात गुडघाभर चिखल, त्यात मासे पाठी काढून फडफडत होते. रेवदंड्याचा मासळीवाला मकसूद बर्फाच्या पेट्या घेऊन आला होता. भावकी बांधावर उभी होती. गणराजने दोन माणसांकरवी टब बांधावर आणवला आणि लग्नातल्या कॅमेरेवाल्यासारखा भोवती फिरला.

"झिरो परसेंट ग्रीन," तो म्हणाला. "नाना, बघून घ्या. काकी, बघून घे. बोल जावयबापू."

निकेतने टबात बघितलं. "पैज हरलो," तो म्हणाला.

"गुड. मर्दासारखं बोललास." गणराजने जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली. मग पायातल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, बांधाकडे बघितलं. बूट ठेवायला कोरडी जागा सापडेना. तो जागा शोधत होता तेवढ्यात चिखलात धप्पकन आवाज झाला.

निकेत खाली उतरला होता. घमेल्यासकट.

"ए! ए भाई! हरलास ना तू?"

"पैज हरलो. तळं नाही." निकेतने दोन्ही हातांनी चिखल उपसला. "पैज तुझी नि माझी. तळं आईंचं नि क्रांतीचं. ते पैजेला लावणारा मी कोण? तोंडाने लावलं ते चुकलंच. आता हाताने निस्तरतो."

"बांध फुटेल!"

"फुटला तर भोकात आडवा पडून राहीन. माझ्यापुरता तेवढा प्लॉट पाडून दे."

कुणीतरी फिसकन हसलं. निकेतने भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं. चिखल कानशिलावरून ओघळत होता. तो चढ चढून आला तर करंजाखाली गणराज हात पसरून उभा, आणि त्याच्यामागे भावकीतली दोन-तीन माणसं, खाली बघत.

"इथे नाही टाकायचं."

तेव्हा आवडाबाई उठली. सगळ्यांच्या मधून वाट काढत आली, गणराजला कोपराने बाजूला सारलं आणि करंजाच्या बुंध्याशी, जिथे येसाजी घमेलं ओतायचा, तिथे पाय पसरून खाली बसली.

"टाका हितं."

"काकी, उठ. अपशकुन असतो."

"माजा बांध, माजं बूड. तू कोन उठवनार? फुटायचा तर माज्यासकट फुटू दे. बघू दे गावाला येसाजीची बायको कशी व्हावत जाते ती." तिने मान वर केली. "टाका म्हनते ना! डोक्यावर घेऊन किती उभं ऱ्हानार?"

निकेतने घमेलं ओतलं. अर्धा चिखल तिच्या लुगड्यावर उडाला. तिने तो पुसला नाही.

बांध फुटला नाही.

निकेत परत खाली गेला. ह्या वेळी क्रांतीही उतरली, ओढणी कमरेला बांधून. तो भरायचा, ती वर द्यायची, आवडाबाई बसल्या जागेवरून हाताने थापायची. तिघांचा संसार चिखलात चालू झाला आणि भावकी बघत राहिली. मासे तोंडं उघडून मिटून बघत राहिले.

"या अल्ला," मकसूद शेवटी म्हणाला, "अवो, मासा उन्हात मरतोय नि तुम्ही पोरगा कोण, जावई कोण करताय? माझा बर्फ वितळतोय! कुणाच्या नावाने बांध फुटायचा तो फुटो, मला आधी मासा काढू द्या." आणि लुंगी खोचून तो उतरलासुद्धा.

धर्मानाना खाकरले. "वयनी, उठ आता. कंबर धरंल."

"तू घमेलं उचल, मंग उठते."

नानांनी इकडेतिकडे बघितलं, धोतराचा सोगा खोचला आणि उतरले. नाना उतरले म्हटल्यावर ती शेकडो वर्षांची समजूत तिथेच मेली. एकामागून एक सगळे चिखलात. वर राहिला एकटा गणराज, आणि ज्याच्या पायाला चिखल नाही त्याला वाटा नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने बूट काढले, निकेतच्याच टेंपोच्या टपावर ठेवले आणि नाक वर करून उतरला.

"शाब्बास, गणराजशेठ," निकेत म्हणाला. "प्रॅक्टिकल झालात."

दुपारपर्यंत अर्धा बांध चढला. उरलेला जेवून करू, म्हणून सगळे हातपाय धुवायला पांगले. टब कुणीतरी पुन्हा पडवीच्या कडेला आणून टाकला होता. निकेत शेजारी हात धुवायला वाकला आणि तसाच राहिला. टबाच्या काठाला, सकाळी सावलीत असलेल्या बाजूला, केसाएवढं बारीक काहीतरी हलत होतं. त्याने बोट लावलं. बुळबुळीत. बोट उन्हात धरलं. हिरवं.

त्याने गणराजच्या नावाने छाती भरून श्वास घेतला.

"ओरडू नकोस," मागून क्रांती म्हणाली. तिनेही बघितलं होतं, आणि तिचं तोंड कानापर्यंत गेलं होतं.

"एकदाच ओरडतो."

"जेवण होऊ दे. उशिरा आला म्हणून काय झालं, येणाऱ्याला कुणी हाकलतं का?"

निकेत श्वास तसाच आत धरून पंगतीत जाऊन बसला. आवडाबाई टोप घेऊन आली. तेच चिखलाचं लुगडं, कोपरापर्यंत धुतलेले हात. टोपाच्या मध्यभागी जिताड्याचं मोठं डोकं, डोळे उघडे. निकेतने नेहमीसारखी मान खाली घातली आणि ताट पुढे सरकवलं.

सासूबाई त्याच्यासमोरून पुढे गेल्या.

"घ्या, गनराजशेट." डोकं गणराजच्या ताटात पडलं. "मान तुमचा. पाव्हनं हाव तुमी."

गणराज आधी खुशीत हसला. मग धर्मानानांना भाताचा ठसका लागला, आणि गणराजचं हसू ताटातल्या डोळ्यांकडे बघता बघता मावळलं.

आवडाबाई मागे फिरली. टोपाच्या तळाशी पळी घालून तिने शेपटी शोधून काढली आणि निकेतच्या भातावर आपटली.

"आन तू ही खा. काटे हायत, बघून खा. तुज्यासाठी कोन काडत बसनार न्हाय."

निकेतने धरून ठेवलेला श्वास सोडला. शेपटी उचलली, उलटसुलट बघितली.

"आई, रस्सा वाढ की," तो म्हणाला. "घरच्याला काय नुसते काटे?" आणि पंगतीच्या टोकाकडे बघून, टेंपोच्या हॉर्नसारखा आवाज काढत ओरडला, "गणराजशेठ, सावकाश होऊ द्या! जेवलात की टबाकडे चला. बारसं आहे!"